मोरेला आणि दोन अंतराळस्थानकं

रविवार, रात्री

आज दिवसभर तोच वाद. ‘बॅबिलॉन ५’ श्रेष्ठ की ‘डीप स्पेस नाइन’? दोन्ही मालिका १९९३ मध्ये अमेरिकेत सुरू झाल्या, दोन्हींत एक अंतराळस्थानक आणि तिथे ये-जा करणाऱ्या नाना जमाती. बॅबिलॉनचा कर्ता जे. मायकेल स्ट्राझिन्स्की याने आपली कल्पना आधी पॅरामाउंट स्टुडिओला दाखवली होती, आणि पुढे त्याच पॅरामाउंटने ‘डीप स्पेस नाइन’ ही स्टार ट्रेक या अंतराळकथांच्या मालिकांतली नवी मालिका काढली. मग चोरी, चोरी म्हणून ओरडा. त्याला तीसेक वर्षं झाली, तरी धग कमी नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. कोणी कोणाचं घेतलं यावर इतकं लिहिलं जातं, पण दोन्ही मालिकांनी नेमकं काय दाखवलं यावर कोणी बोलत नाही.

‘बॅबिलॉन ५’ मधला लोंडो घ्या. सेंटॉरी जमातीचा हा राजदूत आपल्या साम्राज्याला जुनं वैभव मिळावं म्हणून नको त्यांची मदत घेतो. दुसऱ्या पर्वात त्याचीच जहाजं नार्न या शत्रू जमातीच्या ग्रहावर वरून दगड सोडतात, अख्खी शहरं उद्ध्वस्त होतात आणि लोंडो जहाजाच्या खिडकीतून ते बघत उभा असतो. एक शब्द बोलत नाही. चेहऱ्यावरून कळतं, हा माणूस आता कायमचा गेला.

‘डीप स्पेस नाइन’च्या पहिल्याच पर्वात ‘ड्युएट’ नावाचा भाग आहे. कार्डेशियन जमातीने बजोर ग्रहावर वर्षानुवर्षं सत्ता गाजवलेली. तिथल्या छळछावणीचा प्रमुख म्हणून एक कार्डेशियन पकडला जातो. त्याची चौकशी करणारी किरा स्वतः त्या सत्तेविरुद्ध लढलेली. शेवटी उघड होतं की तो प्रमुख नाहीच, तिथला साधा कारकून आहे. रात्री किंकाळ्या ऐकू येत, तेव्हा कान झाकून पडून राहणारा. आपल्या लोकांनी गुन्हा कबूल करावा म्हणून त्याने प्रमुखाचा चेहरा करून घेतलेला असतो. किरा त्याला सोडते, आणि एक बजोरी माणूस तो केवळ कार्डेशियन आहे म्हणून त्याला मारतो.

अपराध केलेल्याचं पुढे काय, हा दोघींचाही प्रश्न. वाद घालायचाच तर यावर घाला ना!

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. चाहत्यांतली तेढ कमी व्हावी म्हणून १९९६ मध्ये मेजेल बॅरेट ‘बॅबिलॉन ५’च्या एका भागात आल्या. स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडेनबेरी यांच्या पत्नी. ते १९९१ मध्ये गेले. स्टार ट्रेकमधल्या जहाजांच्या संगणकाचा आवाज मेजेल यांचाच, आणि ‘डीप स्पेस नाइन’मध्येही त्यांनी भूमिका केली होती. बॅबिलॉनमध्ये त्यांना दिलेली भूमिका होती सम्राटाची विधवा, भविष्य पाहणारी लेडी मोरेला. लोंडोला त्याचं भवितव्य सांगते ती हीच. ज्या बाईंचं अख्खं घर एका बाजूचं, त्या दुसऱ्या बाजूच्या सेटवर जाऊन उभ्या राहिल्या. मला हे फार मोठं वाटतं.

माझं मत विचाराल तर एका भागाची ताकद बघायची असेल तर ‘ड्युएट’ला तोड नाही. पण लोंडो एका भागात घडवता येत नाही, त्याला पाच पर्वं लागतात. बॅबिलॉनचे ११० पैकी ९२ भाग एकट्या स्ट्राझिन्स्कीने लिहिले, म्हणून पहिल्या पर्वातल्या लोंडोच्या गमतीजमती शेवटच्या पर्वात बोचतात. त्यामुळे माझं पारडं बॅबिलॉनकडे, थोडंसंच. उद्या हेच लिहीन, आणि उत्तर देणाऱ्याने आधी ‘ड्युएट’ पाहावा असंही सांगेन.