डोळे तपासून ये

"तुला पिंक दिसतं तरी का रे? एकदा डोळे तपासून ये."

हे वाक्य माझं. मंगळवारी सकाळच्या मीटिंगमध्ये, सहा जणांसमोर, लॅबमधल्या सगळ्यात ज्युनियर मुलाला मी हे बोलले आणि दोघं-तिघं हसले पण. तो हसला नाही, नुसता "हो मॅडम" म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

मी क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काम करते, बरीच वर्षं झाली. टायट्रेशन हा आमचा रोजचा डाळभात. शाळेच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी केलेलं असतं तेच, वर ब्युरेटमध्ये अल्कली, खाली फ्लास्कमध्ये ॲसिड, त्यात दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन, आणि फ्लास्क फिरवत थेंब थेंब सोडायचं, फिकट गुलाबी रंग आला आणि अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. फिकट म्हणजे इतका फिकट की खाली पांढरा कागद धरल्याशिवाय कळत नाही. नवीन मुलं हमखास इथे गडबडतात, एक-दोन थेंब जास्त जातात, रंग गडद होतो, आकडा वर जातो.

तर झालं असं की त्या सोमवारी ह्या मुलाने एका ॲसिडच्या बॅचचा शुद्धतेचा रिझल्ट दिला १०३ टक्के. यायला हवं होतं ९९.५ ते १००.५ मध्ये. मी म्हटलं परत कर. परत केलं तर १०३.१. आमच्याकडे असा आऊट ऑफ स्पेसिफिकेशन रिझल्ट आला की चौकशीचा फॉर्म भरावा लागतो, ॲनालिस्ट म्हणजे टेस्ट करणारा, काचेचं सामान, वजनकाटा, सोल्युशन, कॅल्क्युलेशन, सगळं एकेक करून तपासायचं. मी पहिल्या रकान्यावरच थांबले. ॲनालिस्ट. कारण लिहून टाकलं, 'एंड पॉइंट ओळखण्यात चूक, ट्रेनिंगची गरज'. दहा मिनिटांत चौकशी खलास.

आता मजा बघा. २५ एमएलच्या रीडिंगमध्ये ३ टक्के म्हणजे पाऊण एमएल, म्हणजे साधारण पंधरा थेंब. पंधरा थेंब जास्त गेल्यावर फ्लास्क असा रंगतो की लांबून बघणाऱ्यालाही कळेल. त्यात दोन वेळा केलं तरी आकडा जवळपास तोच, म्हणजे हात तर एकदम स्थिर. हे गणित मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, मी नवीन मुलांना शिकवते ते. पण त्या दिवशी मी ते केलंच नाही. का नाही केलं ते नंतर कळलं.

मंगळवारी रात्री मी त्याच्यासाठी प्रार्थना केली. खरंच केली. प्रभू, त्याला जबाबदारीची जाणीव दे, त्याचा निष्काळजीपणा काढून टाक, मला त्याच्याशी धीराने वागायला शिकव, वगैरे वगैरे. आणि आमेन म्हणून झोपले, मस्त झोप लागली.

ह्या प्रार्थनेचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण बायबलमध्ये लूकच्या अठराव्या अध्यायात येशूने जो दाखला सांगितलाय त्यातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, तो पण प्रार्थनाच करत असतो. मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो, की मी इतर लोकांसारखा नाही, लुबाडणारा नाही, अन्यायी नाही, आणि ह्या जकातदारासारखा, म्हणजे लोक ज्याला पापी समजायचे त्या कर वसूल करणाऱ्यासारखा, तर नाहीच, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो. तो खोटं बोलत नाहीये हो, उपास करत असणारच. फक्त देवाशी बोलताना त्याचं निम्मं लक्ष मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडे आहे. आणि तो जकातदार लांब उभा, वर बघायची पण हिंमत नाही, छाती बडवत एवढंच म्हणतोय की देवा, मज पाप्यावर दया कर. येशू म्हणतो नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा. माझी मंगळवारची प्रार्थना म्हणजे देवाकडे टाकलेली एक तक्रार होती, खाली 'तुझी विश्वासू' एवढंच लिहायचं राहिलं होतं.

आणि हा दाखला मला माहीत नव्हता असं अजिबात नाही. त्याच्या आधीच्या शुक्रवारी बायबल स्टडीमध्ये मीच घेतला होता. त्याच्या जोडीला मोशेची गोष्ट पण सांगितली होती, पुस्तकं लिहिणारा मोशे नाही, चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात, स्केतीसला राहणारे तपस्वी अब्बा मोशे. आधी दरोडेखोर होते ते. तिथे एका भावाच्या हातून काहीतरी चूक झाली म्हणून सगळे न्याय करायला जमले, मोशेला बोलावलं, तो येईना, परत निरोप पाठवला तेव्हा तो गळकं भांडं पाण्याने भरून पाठीवर घेऊन आला. मागे पाण्याची धार. लोकांनी विचारलं हे काय, तर म्हणाला माझी पापं माझ्या मागे अशी गळत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि आज मी दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. त्या भावाला त्यांनी काही न बोलता माफ केलं. हे मी इतकं रंगवून सांगितलं की एका मावशींच्या डोळ्यात पाणी आलं. घरी जाताना मी खूश.

आता बुधवार.

सकाळी मी ठरवलं की त्याला करूनच दाखवायचं. ॲप्रन चढवला, त्याला शेजारी उभं केलं, म्हटलं बघ आणि शीक. एकेक थेंब, पांढरा कागद खाली, अर्धा मिनिट घड्याळ लावून. माझा रिझल्ट आला १०२.९.

तो काहीच बोलला नाही. मीच बोलले. म्हटलं सॅम्पलमध्येच प्रॉब्लेम दिसतोय, सप्लायरला कळवावं लागेल. म्हणजे बघा, मुलावरून उचलून आरोप सरळ सप्लायरवर, मध्ये एक सेकंद पण थांबले नाही! तेव्हा तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, फॉर्ममध्ये कॉस्टिकच्या स्टँडर्डायझेशनची रीडिंग पण लागतील ना? रजिस्टर काढू का?"

माझ्या पोटात खड्डा पडला.

सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आमच्या भाषेत कॉस्टिक, हे फार नाठाळ केमिकल. हवेतलं पाणी ओढून घेतं, कार्बन डायऑक्साइड पण ओढून घेतं, त्यामुळे लिटरला ४ ग्रॅम मोजून टाकलं तरी सोल्युशनची ताकद बरोबर ०.१ नॉर्मल होईल ह्याची काही खात्री नाही. वजनावर त्याचा भरवसाच नाही. म्हणून ते बनवल्यावर एका शुद्ध पदार्थाशी लावून बघायचं, तीनदा, हेच स्टँडर्डायझेशन, आणि जी खरी ताकद येईल ती बाटलीवर लिहायची. पुढचा सगळा हिशोब त्या आकड्याने होतो.

शुक्रवारी संध्याकाळी नवीन पाच लिटर मी बनवलं होतं. पेलेट्सची बरणी जुनी, कितीतरी वेळा उघडलेली. साडेपाच वाजले होते, स्टँडर्डायझेशनला अजून तास गेला असता, आणि मला सहाला निघायचं होतं. बायबल स्टडीला. मग मी जुन्या बाटलीवरचा आकडा, ०.१००२, नवीन बाटलीवर लिहिला, आणि रजिस्टरमध्ये आधीच्या वेळची तीन रीडिंग थोडी इकडेतिकडे करून उतरवली आणि सही ठोकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, असं लिहायचं मनात आलं होतं, पण ते पहिल्यांदा नव्हतं, दुसऱ्यांदा होतं.

म्हणून पंधरा थेंबांचं गणित मी केलं नव्हतं. ते केलं असतं तर पुढचा प्रश्न बाटलीचा आला असता आणि बाटली माझी होती.

लंच टाइमला लॅब रिकामी झाल्यावर मी एकटीने तो शुद्ध पदार्थ, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, काढलं, ओव्हनमध्ये सुकवून ठेवलेलं असतंच, ०.५१०५ ग्रॅम वजन घेतलं, ब्युरेट भरलं. बाटलीवरचा आकडा खरा असेल तर २४.९५ ला रंग यायला हवा. २४.९५ गेलं, फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ. २५ गेलं. २५.३. २५.५. मी आयुष्यात पहिल्यांदा ब्युरेटकडे बघून मनात म्हटलं ये रे बाबा, ये आता. २५.७ ला गुलाबी आला आणि टिकला. हिशोब केला, ०.०९७३. तीन टक्के कमी. ताकद कमी म्हणून सोल्युशन जास्त लागत होतं, आणि मुलाचं १०३ त्या बाटलीच्या मापाने अगदी चोख होतं.

आता खरं सांगते, कबूल करायचं माझ्या पहिल्यांदा मनात आलंच नाही. पहिलं हे आलं की बाटलीवर नवीन लेबल लावू, हवेमुळे ताकद उतरली असेल असं फॉर्मवर लिहू, कोणाला काही कळणार नाही, मुलगा पण सुटेल आणि मी पण. सगळ्यांचं भलं. लेबल हातात घेतलं पण होतं.

तेवढ्यात तो आला. जेवून आला असेल असं मला वाटलं, तर तो लॅबला परत यायच्या आधी बाहेर जाऊन आला होता. खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, डोळे तपासून आलो. ती रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायची टेस्ट पण केली. नॉर्मल आहे म्हणाले."

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मी चिडले असते आणि सुटले असते. त्याच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती, की डोळे ठीक आहेत तर मग मी चुकतोय कुठे. दोन रात्री झोपलो नाही म्हणाला.

मी त्याला म्हटलं, "बस." आणि सांगितलं. शुक्रवारचं सगळं, साडेपाच, बरणी, उतरवलेली रीडिंग. बायबल स्टडीचं पण सांगितलं, ते सांगताना तोंड कसं झालं असेल माझं देव जाणे. तो बराच वेळ बाटलीकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे माझं बरोबर होतं?" मी म्हटलं हो. "दोन्ही वेळा?" म्हटलं हो रे, दोन्ही वेळा.

त्यानंतर मी सरांकडे गेले. ते सगळं लांबण लावत नाही. रीडिंग न घेता लिहिणं हा आमच्या क्षेत्रात साधा गुन्हा नाही, मेमो मिळाला, डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, निघालं, शुक्रवारनंतर त्या बाटलीवर झालेल्या सगळ्या टेस्ट परत कराव्या लागल्या, आणि सहा महिने माझ्या प्रत्येक सोल्युशनवर दुसऱ्याची सही. योग्यच होतं. आधीची ती एक वेळ, ती पण सांगितली. ते जास्त अवघड गेलं.

रात्री मत्तयचा सातवा अध्याय काढला. कुसळ आणि मुसळ आपण इतकं म्हणीसारखं वापरतो की त्याचं काही वाटेनासं झालंय. मूळ ग्रीक शब्द मुसळाचा नाहीये, छपराला लावतात त्या तुळईचा आहे, मराठीत कुसळाला मुसळ जुळलं आणि तेच बसलं. बोलणारा सुतारकाम केलेला माणूस, तुळई किती मोठी असते ते त्याने खांद्यावर घेतलेलं असणार. आणि काडी काय, तुळई काय, शेवटी लाकूडच. मला त्या मुलात निष्काळजीपणाच का दिसला, आळस का नाही दिसला, अडाणीपणा का नाही दिसला, ह्याचं उत्तर मला तिथे मिळालं.

त्याच्या आधीचं वाक्य मापाचं आहे, ज्या मापाने तुम्ही मोजाल त्याच मापाने तुम्हाला मोजलं जाईल. ते वाचून मी पुस्तक मिटलं, म्हटलं आज एवढं पुरे.

एक मात्र आहे, लोक हा उतारा 'कोणाला काही बोलूच नका' असा वापरतात ते मला पटत नाही. तिथे कुसळ तसंच राहू दे असं म्हटलेलं नाही, आधी तुझं काढ म्हणजे भावाचं काढायला तुला नीट दिसेल असं आहे. डोळ्यातलं कुसळ काढणं हे नाजूक काम, जवळ जाऊन, हात न थरथरता करायचं. आणि पुढे मत्तयच्याच अठराव्या अध्यायात भाऊ चुकला तर आधी तू आणि तो, दोघंच असताना बोल असं सांगितलंय. मी सहा जणांसमोर बोलले होते. म्हणून गुरुवारच्या मीटिंगमध्ये त्याच सहा जणांसमोर सांगितलं की रिझल्ट त्याचा बरोबर होता आणि रजिस्टर माझं खोटं होतं. ह्या वेळी कोणी हसलं नाही.

मीटिंग संपल्यावर रजिस्टर दुरुस्त करायचं होतं. आमच्याकडे नियम असा की व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही, गिरवायचं नाही. चुकीच्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, बाजूला कारण, सही, तारीख. मी पट्टी घेऊन तीन रीडिंगवर तीन रेघा मारल्या. कारणाच्या जागी लिहिलं, 'प्रत्यक्ष रीडिंग घेतलेली नाहीत.' साक्षीदाराच्या रकान्यात कोणाची तरी सही हवी होती. तो बाजूच्या टेबलावर ब्युरेट धूत होता, त्यालाच बोलावलं. हात पुसून आला, सगळं नीट वाचलं, पेन घेतलं आणि थांबला.

"मॅडम, तारीख राहिली तुमची."