पावसातली डोंगरवाट आणि आमची टोळी

राष्ट्रीय उद्यानातल्या त्या वाटेवर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सगळ्यात हळू चालणाऱ्या मावशींना आम्ही पुढे ठेवलं. त्यांच्या चालीने सगळे चालले, म्हणून धुक्यात कुणीच मागे सुटलं नाही. मला हीच पद्धत पटते.

ओढा ओलांडण्याआधी सॅकचे कमरेचे नि छातीचे पट्टे सोडले. पाय घसरला तर सॅक झटकन टाकता येते.

आणि जळवा! माझ्या मोज्याच्या काठाशी एक टम्म फुगून बसलेली. ओढायची नाही, कडेने नख सरकवून तिचं तोंड सोडवायचं. तरी रक्त बराच वेळ झिरपतं, कारण तिच्या लाळेतलं हिरुडिन ते गोठू देत नाही.

बाकी, सुती कपडे घरीच ठेवा. लोकर भिजली तरी ऊब धरते.