दाढेतला केबल फॉल्ट

गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता खालची डावी दाढ ठणकायला लागली. बायकोनं लवंग दिली, ती दाढेखाली धरून कशीबशी पहाट गाठली. त्या दाढेत १९८९ साली भरलेली चांदी होती. चांदी म्हणायची आपली पद्धत, एरवी निम्मा पारा आणि उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. पस्तीस वर्षं टिकली, तक्रार नाही. शेवटी कडेला फट पडली आणि कीड तिच्या खालून गेली.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीहून लहान. एक्स-रे दाखवून म्हणाल्या, "काका, कीड दाढेतल्या नसेपर्यंत गेलीय. नुसतं सिमेंट भरून भागायचं नाही, रूट कॅनाल करावं लागेल."

भूल दिल्यावर आ वासून पडून राहण्याखेरीज मला काम नव्हतं, म्हणून त्यांच्या हातांकडे बघत बसलो. एक हूक ओठाला अडकवला, दुसरी वायर दाढेत घातलेल्या सुईएवढ्या फाइलला, म्हणजे बारीक कानशीला. फाइल आत सरकेल तसा शेजारचा डबा पीं-पीं करायला लागला. तोंडात कापूस असतानाही मला हसू फुटलं. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? फॉल्ट जमिनीखाली, दिसत तर नाही. मग टोकाला बसून रेझिस्टन्स मोजायचा आणि इथून इतक्या मीटरवर खणा म्हणून सांगायचं. इथं मिलिमीटर, एवढाच फरक. मुळाच्या टोकाशी फाइल पोचली की तिथपासून ओठापर्यंतचा रेझिस्टन्स जवळपास ठरलेला असतो, दात कुठलाही असो. १९६२ साली सुनादा नावाच्या जपानी संशोधकानं यावरून लांबी मोजायचं यंत्र केलं. केबलमधला फॉल्ट शोधायच्या आमच्या मरे लूप टेस्टचं हे धाकटं भावंडच.

दाढेच्या मुळांतल्या नळ्या धुऊन झाल्यावर आठवडाभरासाठी तात्पुरतं सिमेंट भरलं. त्याला चक्क लवंगेचा वास! त्यात लवंगेच्या तेलातलंच युजेनॉल असतं म्हणे. घरी सांगितल्यावर बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पुढच्या खेपेला बाईंनी बारीक गुलाबी काड्या काढल्या. "ह्या गटापर्चाच्या." हा शब्द मी ट्रेनिंगनंतर पहिल्यांदा ऐकत होतो. मलायाकडच्या झाडाचा चीक तो. समुद्राखालच्या तारांवर त्याचंच वेष्टण असे. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानं मुंबई ते एडन टाकलेल्या केबलवरही तेच होतं. (दाढेतल्या काडीत मात्र गटापर्चा पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड.) वर दाताच्या रंगाच्या काँपोझिट सिमेंटचे थर, प्रत्येक थर घट्ट व्हायला निळा लाइट.

"आता कॅप नाही बसवली तर चालेल?" मी खर्चाचा अंदाज घेत विचारलं.

"दाढ पोकळ झालीय काका, चावताना तडकेल. आणि वरून पाझरायला लागलं की खालचं सगळं काम वाया."

जूनमध्ये केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरायचं आणि अख्ख्या चाळीचे फोन बंद पडायचे. मी मुकाट्यानं झिर्कोनियाच्या कॅपचं माप दिलं.