धारेची वेळ

रविवारी संध्याकाळी साडेसातला भाचीचा फोन येतो. त्या वेळी मी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर असणार हे तिला पाठ आहे, आणि तिच्याकडं अमेरिकेत सकाळचे दहा वाजलेत हे मला. "मामा, म्हैस दाखव," एवढंच आधी म्हणते. मी मोबाइल फिरवतो. रस्त्याकडेला म्हैस उभी, गवळी उकिडवा बसलेला, भांड्यात धारेचा आवाज, आणि फेसाळ ग्लासाची वाट बघणारे पाचसहा जण. दोन मिनिटं ती नुसती बघत बसते. मग म्हणते, "चल, मी जातो आता. पेशींना खायला घालायचंय."

'जातो'च. कोल्हापूरची पोरगी पीएच.डी. झाली, समुद्र ओलांडून गेली, तरी 'जाते' म्हणायला शिकली नाही. मला ते फार बरं वाटतं.

एकदा गवळ्यानं ते ऐकलं. "सर, रविवारी बी सुट्टी नाही व्हय पोरीला?" मी सांगितलं, ती स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर संशोधन करते. त्या कॅन्सरच्या पेशी डब्यांत वाढवते, दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं खाद्य बदलावं लागतं, आणि पेशींना वार कळत नाही. सड धुता धुता तो म्हणाला, "मग सरळ सांगा की, जनावर पाळलंय म्हणून."

इतकी वर्षं मी पाहुण्यारावळ्यांना तिचं काम समजावत होतो. शास्त्रज्ञ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : औषध सापडलं का? आक्काचा, म्हणजे तिच्या आईचा, प्रश्न वेगळा : "हिला पर्मनंट कधी करणार?" साडेपाच वर्षं पीएच.डी., त्यानंतर दोन-दोन वर्षांच्या करारावर पोस्टडॉक. आक्काच्या हिशेबात हे सगळं अजून उमेदवारीतच मोडतं. मी दोघांनाही लांबलचक उत्तरं द्यायचो. गवळ्याच्या वाक्यानंतर एकच देतो : पोरीनं जनावर पाळलंय.

तिच्या जनावराचं नाव पँक-वन. १९७५ साली छप्पन्न वर्षांच्या एका माणसाच्या स्वादुपिंडातल्या गाठीतून या पेशी वेगळ्या काढल्या. त्या माणसाचं नाव कुठल्या बाटलीवर नाही. पेशी मात्र पन्नास वर्षं जगभरच्या लॅबमध्ये वाढताहेत, साधारण दोन दिवसांत दुप्पट होताहेत. ३७ अंश ऊब लागते, म्हणजे माणसाच्या अंगाएवढी, आणि डबे ठेवतात त्या कपाटातल्या हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. खाद्य लालसर गुलाबी असतं. पेशींनी ते खाऊन आम्ल सोडलं की पिवळं पडत जातं. "सकाळी कपाट उघडलं की आधी रंग बघतो," भाची सांगत होती. हे मी गवळ्याला सांगितलं तर त्याला काही नवल वाटलं नाही. तो सकाळी आधी शेण बघतो.

त्या खाद्यात अजून न जन्मलेल्या वासराच्या रक्ताचं सीरम घालतात. हे मात्र मी कट्ट्यावर सांगितलेलं नाही.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या रोगाला मारायचं म्हणून ही पोरगी घर सोडून गेली, त्याचीच तिनं एवढी वर्षं उस्तवार केली. वीज गेली तर त्याच्यासाठी जीव खालीवर, कपाटात बुरशी शिरली तर रडू. एकदा अशीच बुरशी लागून सगळे डबे टाकून द्यावे लागले, तेव्हा फोनवर आवाज असा की मला वाटलं घरातलंच कुणी गेलं. "मामा, सगळ्या मेल्या रे." कॅन्सरच्या पेशी मेल्या म्हणून हळहळावं की पेढे वाटावेत, मला कळेना.

२०१४ साली ती या विषयात शिरली तेव्हा कट्ट्यावर पहिला प्रश्न आला तो अस्सल कोल्हापुरी होता : "स्वादुपिंड म्हणजे मटणात काय येतंय ते?" काळीज, गुर्दा, भेजा, वजडी, मुंडी, पाया, आपल्या गावाला बकऱ्याचा नकाशा तोंडपाठ. पण याला तिथं कुणी नाव सांगेना. जठराच्या मागं, पाठीच्या कण्यापुढं आडवं पडलेलं, हातभरही नाही, वीतभर. पचनाचे रस करायचे, इन्सुलिन सोडायचं, आणि गप्प राहायचं. गप्प राहण्यातच घात आहे. गाठ झाली तरी बराच काळ बोलत नाही. कावीळ, पाठीत दुखणं, वजन उतरणं, अचानक उपटलेली साखर, हे दिसेपर्यंत बहुतेकांच्या बाबतीत ऑपरेशनची वेळ टळलेली असते. २०१० साली निघालेल्या एका हिशेबाप्रमाणं पहिली चूक पेशीत शिरल्यापासून खरी कॅन्सरची पेशी जन्मायला दहा वर्षं तरी जातात, आणि तिला दुसरीकडं पसरण्याचं बळ यायला आणखी पाच. म्हणजे इतका वेळ हाताशी असतो आणि कुणाला कळत नाही. भाचीला विचारलं तर या विषयात सगळ्यात जास्त झोंबतं ते हेच.

कट्ट्यावर एक वस्ताद येतात. वय सत्तरीच्या पुढं, अजून दोन ग्लास उभ्यानं पितात. त्यांना मी केरास नावाचं प्रथिन समजावलं होतं. ही आपल्या प्रत्येक पेशीतली एक कळ आहे, वाढ म्हटलं की चालू, पुरे म्हटलं की बंद. जवळपास एकशे नव्वद मण्यांची माळ. बहुतेक वेळा त्यातला बारावा मणी बदलतो आणि कळ चालूच राहते. या कॅन्सरच्या शंभरातल्या नव्वदांहून जास्त रोग्यांत हीच कळ बिघडलेली असते. मग तिलाच का धरत नाहीत, वस्तादांनी विचारलं. कारण अंगावर कुठं खाच नाही. औषध अडकायला खोबण लागते आणि हे प्रथिन गुळगुळीत. तीस वर्षं लोक म्हणत राहिले, याला औषध होणारच नाही.

"तेल लावून उतरलाय म्हणा," वस्ताद म्हणाले. "आरं पण म्हणून तर आखाड्यात माती टाकत्यात अंगावर. मातीशिवाय पकड बसतीय व्हय?"

हे भाचीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मागं कुणीतरी डोकावून गेलं. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत केव्हन शोकाट यांच्या लॅबनं असल्या एका बिघडलेल्या केरासवर खोबण शोधली. २०२१ मध्ये त्या वाटेनं पहिलं औषध मंजूर झालं, पण फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी. स्वादुपिंडात तो विशिष्ट बिघाड शंभरात एक-दोघांनाच. तिच्या पँक-वनमधला बिघाड वेगळा, तोच या रोगात सगळ्यात जास्त आढळणारा. त्याच्यावरची औषधं आता माणसांवर तपासली जाताहेत. "वस्तादांना सांग," ती म्हणाली, "माती टाकलीय. पकड बसली का ते अजून बघतोय."

तिचं हे 'बघतोय' मला आधी चिडवायचं. मास्तरकीत जन्म गेला, मला उत्तर बरोबर की चूक एवढंच कळतं. मग तिनं भिंतीची गोष्ट सांगितली. या गाठीत कॅन्सरच्या पेशी कमी आणि त्यांच्याभोवतीचं चिवट, तंतूंचं गचपण फार. औषध आत पोचत नाही ते त्यामुळं, असा समज. २००९ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला : गचपण विरळ करणारं औषध दिलं, केमोथेरपी आत पोचली, उंदीर जास्त जगले. सगळीकडं आनंदीआनंद. माणसांवर चाचणी सुरू झाली आणि २०१२ च्या सुरुवातीला थांबवावी लागली, कारण नवं औषध घेणाऱ्यांचीच तब्येत जास्त ढासळत होती. २०१४ मध्ये उंदरांवरच्याच नव्या प्रयोगांनी दाखवलं की ते गचपण औषधाला अडवत असेल, पण गाठीलाही आवरून धरत होतं. मी गवळ्याला म्हटलं, गोठ्याची भिंत पाडली वारा यावा म्हणून, आणि रेडा मोकाट सुटला. तो म्हणाला, "भिंत पाडायच्या आधी दावं बघायचं असतंय." खरं आहे. पण दावं कुठं बांधलंय हे भिंत पडेपर्यंत दिसत नव्हतं, त्याला कोण काय करणार? भाची या विषयात आली ती नेमकी त्या ढिगाऱ्यावर. तिची पहिली तीन वर्षं विटा मोजण्यात गेली.

राल्फ स्टाइनमन यांची गोष्ट तिनंच सांगितलेली. १९७३ साली त्यांनी शरीराच्या संरक्षणयंत्रणेतल्या डेंड्रायटिक पेशी शोधल्या आणि आयुष्यभर त्याच सांभाळल्या. २००७ मध्ये त्यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. त्यांनी आपल्याच पेशींपासून लशी बनवून घेतल्या आणि साडेचार वर्षं काढली. ३० सप्टेंबर २०११ ला ते गेले, ३ ऑक्टोबरला नोबेल जाहीर झालं. गेलेल्या माणसाला नोबेल देत नाहीत, पण समितीला ते गेल्याचं माहीतच नव्हतं, म्हणून ते कायम राहिलं. मी हळवा होऊन म्हटलं, बघ, जन्मभर पाळलेल्या पेशींनी धन्याला जगवलं. ती म्हणाली, "मामा, एका माणसावरून काही म्हणता येत नाही."

बरं, न्यूयॉर्कच्या विनोद बालचंद्रन यांनी २०२३ मध्ये छापलेलं काम? ऑपरेशननंतर प्रत्येक रोग्याच्या गाठीनुसार वेगळी एमआरएनए लस, सोळा जणांना दिली, आठ जणांच्या शरीरानं तिला दाद दिली. त्या आठांत रोग उलटायला जास्त काळ लागला. "सोळांवरून थोडं म्हणता येतं," ती म्हणाली. हा तिचा त्या वर्षातला सगळ्यात मोठा जल्लोष.

ती आली तेव्हा अमेरिकेत हा कॅन्सर झालेल्या शंभरातले सहा जण पाच वर्षांनी हयात असायचे. आता तेरा. वस्ताद म्हणाले, "दुपटीच्या वर की!" मी तेच तिला म्हटलं. ती काही वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "म्हैस दाखव."

या दिवाळीला तीन आठवडे येणार आहे. तीन आठवडे म्हटल्यावर गवळ्यानं लगेच विचारलं, "मग जनावराला कोण बघणार?" मी सांगितलं, गोठवून ठेवणार. द्रव नायट्रोजनच्या टाकीत, शून्याखाली १९६ अंशांच्या आसपास. परत आली की कोमट पाण्यात धरायचं, पुन्हा खाऊपिऊ लागतात. मला वाटलं आता हा चकित होणार.

"म्हंजे रेतनाच्या डॉक्टरकडं कॅन असतंय तसलं," तो म्हणाला. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून जरा विचारात पडला. "हिला तसं ठेवता आलं असतं तर सर, एकदा पंढरपूरला जाऊन आलो असतो."

आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास मागितला.