हाबूरची फरशी, नोंद तिसरी: तळ उलटा धरला होता

मागच्या नोंदीत मी ठणकावून सांगितलं होतं की माझ्या हाबूरच्या फरशीतले शिंपले ज्या समुद्राच्या तळाशी साचले तो शांत होता. ते विधान मागे घेतो. का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

नव्यांसाठी थोडक्यात मागचं. पुण्यात सागरी जीवाश्मांचा छंद जडणं ही गैरसोयच. पायाखाली सगळा काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात झिओलाइटवाल्यांची, म्हणजे लाव्हाच्या पोकळ्यांतले स्फटिक जमवणाऱ्यांची चैन, वाघोलीचं कॅव्हन्साइट नावाचं निळं खनिज जगभरचे संग्राहक ओळखतात, पण शिंपला औषधालाही मिळत नाही. घरातल्या शहाबादी आणि कोटा फरशीकडेही मी आशेनं भिंग लावून पाहिलं होतं. दोन्ही चुनखडीच, पण इतकी जुनी की शिंपले करणारे प्राणी तेव्हा जन्मालाच आले नव्हते.

म्हणून फरशीची दुकानं धुंडाळली आणि एका ठिकाणी हाबूर सापडला. जैसलमेरजवळच्या हाबूर गावचा हा दगड: तपकिरी जमीन, त्यात पिवळ्या शिंपल्यांची खच्चून गर्दी. क्रिटेशस काळातला, सुमारे ११-१२ कोटी वर्षांपूर्वीचा उथळ समुद्र, म्हणजे आपल्या लाव्हाच्या आधी जवळजवळ पाच कोटी वर्षं. दुकानदार म्हणाला, "साहेब, दह्याचा दगड आहे हा. याच्या भांड्यात दूध ठेवा, विरजण न घालता दही लागतं." तो प्रयोग केलेला नाही, घरात आधीच पुरेसे चालू आहेत. उंबऱ्यासाठी कापलेल्या लादीचा उरलेला तुकडा मिळाला: ४५ बाय ३० सेंमी, ५ सेंमी जाड, वजन साडेसतरा किलो. स्कूटरवर पायांत धरून आणला. प्रत्येक स्पीडब्रेकर लक्षात आहे.

वरची बाजू पॉलिश होती आणि सगळे तिचंच कौतुक करतात. माझ्या मते खरा मजकूर कडेला असतो. पॉलिश बाजूवर शिंपले दिसतात सुंदर, पण ते कसे पडले होते ते कळत नाही. म्हणून चारही कडा वॉटर पेपरनं घासल्या, १२० नंबरपासून १२०० पर्यंत, पाण्याखाली, रोज रात्री अर्धा तास. बाथरूममध्ये तपकिरी चिखल झाला आणि घरच्यांचं मत त्याहून गडद. मग ओल्या कडेवर पारदर्शक शीट चिकटवून १५० सेंमी लांबीवरचा एकेक शिंपला बारीक मार्करनं गिरवला.

मोजायचं एवढंच होतं: शिंपल्याची सुटी झडप, म्हणजे दोन अर्ध्या भागांपैकी एक, वाटीसारखी पालथी पडली आहे की उताणी. शिंपला मेला की बिजागरीचा ताण दोन्ही झडपा उघडतो आणि त्या लवकरच सुट्या होतात. सुटी झडप शांत पाण्यात वरून खाली आली तर बहुतेक वेळा उताणी पडते. प्रवाह जोरात असेल तर पाणी उताण्या वाटीला कडेनं उचलून उलथवतं. पालथी झाली की ती ठाम बसते, पाणी पाठीवरून सरकून जातं.

हे वाचलेलं होतं, पण एका रविवारी आमच्याकडे तिसऱ्यांचं सुकं झालं आणि पातेलंभर झडपा आयत्याच हाती आल्या. "टाकू नकोस त्या," म्हटल्यावर बायकोनं माझ्याकडे पाहिलं ते सांगत नाही. भरलेल्या बादलीत एकेक झडप सोडली. हेलकावे खात, पान गळावं तशी खाली जाते आणि अलगद उताणी टेकते. मग त्याच झडपा वाळू पसरलेल्या परातीत उताण्या ठेवून एका बाजूनं नळी सोडली. आधी जागच्या जागी थरथरतात, पुढची कड वर येते, आणि टप्पकन उलटतात. उलटल्यावर तोच नळ दुप्पट सोडला तरी हलत नाहीत. हे परातीत बघताना एकटाच हसत होतो.

तर फरशीच्या कडेवर ६४ झडपा मोजता आल्या. ६ आडव्यातिडव्या. उरलेल्या ५८ पैकी ४७ उताण्या, ११ पालथ्या. यावरून मागच्या वेळी मी निवांत तळ, वरून पडणारे शिंपले, जागच्या जागी राहणारी वसाहत असं चित्र रंगवलं होतं.

चूक काय झाली असेल? पॉलिश बाजू म्हणजे वरची बाजू, असं मी गृहीत धरलं होतं. करवतीला समुद्राचा तळ कुठला आणि आकाश कुठलं याच्याशी काय घेणं!

ध्यानात आलं ते डाव्या कडेवरच्या एका बदामाएवढ्या छेदामुळे. दोन्ही झडपा मिटलेल्या अवस्थेत गाडला गेलेला शिंपला. आत निम्म्यात तपकिरी गाळ, निम्म्यात पांढरे, किंचित पारदर्शक कॅल्साइटचे स्फटिक, आणि दोन्हींमधली रेघ पट्टीनं मारल्यासारखी सरळ. गवंड्याची पाणसळच ती. बंद शिंपल्यात गाळ शिरतो, खाली बसतो, वर पोकळी राहते, आणि पुढे कधीतरी त्या पोकळीत स्फटिक वाढतात. म्हणजे पांढरा भाग नेहमी वर. माझ्या फरशीत पांढरा भाग खाली होता.

एकावर विश्वास नको म्हणून आणखी शोधल्या. एकूण पाच पाणसळी मिळाल्या. चार एकमताच्या, पाचवी तिरपी, बहुधा भरल्यानंतर घरंगळलेला शिंपला असावा. शिवाय ज्यांना मी उताण्या म्हणत होतो त्यांतल्या कितीतरी झडपांच्या पोटाशीही पांढऱ्या स्फटिकांची चंद्रकोर होती. म्हणजे त्या खरं तर छत्रीसारख्या पालथ्या होत्या, आणि छत्रीखाली गाळ पोचला नव्हता. हे सगळं सहा आठवडे डोळ्यांसमोर होतं.

दगड उलटा केला. ४७ पालथ्या, ११ उताण्या. म्हणजे जोरदार प्रवाह, बहुधा वादळी लाटा. आणि मग 'वसाहत' हा शब्दही गेला. हे शिंपले इथे राहत नव्हते, इथे लोटले गेले होते. पूर ओसरल्यावर मुठेच्या काठी जे साठतं त्यावरून वरच्या अंगाला कोण राहतं ते थोडंफार सांगता येईल, पण ती काही वस्ती नव्हे. वसाहत वाचायची तर मिटलेले, जगण्याच्या स्थितीत उभे शिंपले आणि बिळं असलेला थर हवा. तो कदाचित याच खाणीत दोन वीत खाली असेल, मला मिळाला नाही.

तरी एका कोपऱ्यात थोडी वस्ती आहेच. एका मोठ्या झडपेच्या आतल्या अंगाला अळीच्या चुनखडी नळ्या चिकटल्या आहेत, वेड्यावाकड्या, शेवयांसारख्या. आतल्या अंगाला म्हणजे घरमालक मेल्यावर, झडप उघडी पडलेली असताना. नळी वाढायला वेळ लागतो, तेव्हा ही झडप वादळाआधी बराच काळ तळावर पडून होती. या फरशीत कुणी कुठे राहत होतं याचा मला मिळालेला पुरावा एवढाच, जेमतेम दोन सेंमीचा.

एक सूचना, स्वतःच्या खर्चानं मिळालेली. सुटा चुरा स्वच्छ करायला रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवू नका. शिंपलाही चुन्याचा, दगडही चुन्याचा, व्हिनेगर भेदभाव करत नाही. सकाळी वाढरेषा गुळगुळीत झाल्या होत्या. पाणी आणि जुना टूथब्रश पुरे.

पाणसळीचं आईला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपल्या शाळिग्रामातही असेल का?" प्रश्न बिनतोड आहे. गंडकीचा शाळिग्राम म्हणजे हिमालयातल्या जुरासिक काळ्या शेल खडकातला (गाळाचा पापुद्रेदार दगड) अमोनाइट, गुंडाळलेल्या शंखाचा एक नामशेष समुद्री प्राणी, त्याच्या कप्प्यांतही अर्धा गाळ, अर्धे स्फटिक असू शकतात. पण अमोनाइट पोहणारा, मेल्यावर वरून तळाशी आलेला पाहुणा. त्याच्यावरून तळावर कोण राहत होतं ते कळणार नाही. आणि बघायचं तर तो कापावा लागेल. हे वाक्य मी पूर्ण केलं नाही.

सध्या फरशीच्या कडेला पेन्सिलनं बाण काढून 'वर' असं लिहिलंय. तुमच्यापैकी कुणाच्या ओट्याला, जिन्याला किंवा खिडकीच्या पट्टीला हाबूर असेल तर कडेला पाणी लावून पाहा आणि मिटलेल्या शिंपल्यात पांढरं कुठल्या बाजूला आहे ते कळवा. दगड बसवताना कुणी सुलट बसवलाय का, एवढंच मोजतोय.