चार बोल्टची लोखंडी चकती

जहाजावरच्या सगळ्यात दुर्लक्षित वस्तूंची यादी काढली तर इंटरनॅशनल शोअर कनेक्शन पहिल्या तीनात नक्की येईल. लाल रंगाची एक लोखंडी फ्लँज, म्हणजे किनाऱ्याचा पाण्याचा पाईप जहाजाला जोडायची चकती, फायर लॉकरात नाहीतर डेकवरच्या पेटीत पडलेली, सोबत गॅस्केट, 4 बोल्ट, 8 वॉशर. पोर्ट स्टेटचा, म्हणजे बंदर ज्या देशाचं त्याचा, इन्स्पेक्टर "दाखवा" म्हणाला की तिची आठवण होते, आणि हमखास कुणीतरी बोल्टांवर पण रंग फासलेला असतो, नट हलत नाही, मग पळापळ.

पण तिचं काम बघा. जहाज धक्क्याला लागलंय, इंजिन रूममध्ये आग, जनरेटर बंद, फायर पंप गेले, इमर्जन्सी पंप पण ऐनवेळी रुसला. आता पाणी बंदरातून घ्यायचं, आणि इथेच सगळी गोची. जपानी यार्डाच्या जहाजावर होजला, म्हणजे आगीच्या पाईपला, नाकाजिमा कपलिंग (जोडायचं तोंड), जर्मनीत स्टॉर्झ, आपल्या फायर ब्रिगेडकडे इन्स्टंटेनियस, एकाचं दुसऱ्यात जातच नाही. म्हणून सोलास या जहाज सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे की 500 ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि वरच्या जहाजावर ही फ्लँज हवीच. एका बाजूला तुमचं जे काय कपलिंग असेल ते, दुसरी बाजू सपाट आणि जगभर सारखी: बाहेरचा व्यास 178 मिमी, आतला 64, बोल्ट सर्कल (बोल्टांची भोकं ज्या वर्तुळावर असतात ते) 132, भोकं 19 ची. आकडे विचित्र वाटतात ना, इंचात करून बघा, 7, अडीच, पाऊण असे सरळ निघतात. भोकं कडेपर्यंत चिरलेली असतात, बोल्ट बाजूने सरकवायचा आणि आवळायचा, अंधारात धुरात हातमोजे घालून सुद्धा जमतं. ज्याने कुणी हे डिझाईन केलं त्याला मानलं पाहिजे.

मार्पोलच्या, म्हणजे जहाजांचं प्रदूषण रोखायच्या कराराच्या, फ्लँज वेगळ्या आहेत, तेलकट घाणीची 6 बोल्टची, सांडपाण्याची 4 बोल्टची पण सर्कल 170 चं, म्हणजे चुकून संडासाचं पाणी फायर लाईनला जोडायची सोयच नाही!

हे ठरवतं कोण? नियम लंडनच्या आयएमओमध्ये (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) सरकारं मिळून करतात, आणि वस्तू नेमकी कशी असावी याची बरीचशी स्टँडर्ड्स आयएसओ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड संघटनेच्या टीसी-8 या जहाजांच्या कमिटीत बनतात. तिचं सचिवालय चीनकडे आहे, सगळ्यात जास्त जहाजं तेच बांधतात म्हटल्यावर नवल नाही.

पाण्याचं जमलं कारण त्यात फार पैसा नव्हता, लोखंडाचा एक तुकडा. विजेचं मात्र अजून लटकलंय. बंदरात जनरेटर बंद करून किनाऱ्यावरची वीज घ्यायची, त्यासाठी आयईसी (विजेच्या स्टँडर्ड्सची आंतरराष्ट्रीय संघटना), आयएसओ आणि आयईईई (वीज इंजिनिअरांची संघटना) या तिघांनी मिळून 80005 नावाचं स्टँडर्ड काढलंय, हाय व्होल्टेज जोडणी कशी असावी ते त्यात आहे. पण बहुतेक जहाजं 60 हर्ट्झवर चालतात आणि आपली ग्रीड 50 ची, म्हणजे मध्ये फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर आला, आणि तो काही स्वस्त नसतो. बंदर म्हणतं आधी जहाजं तयार होऊन येऊ देत, मालक म्हणतो आधी बंदरात सोय करा, आणि तोवर धक्क्यावरचं जहाज दिवसरात्र स्वतःचे जनरेटर घरघरवत डिझेल जाळत बसतं.