आईच्या दारावरची बेल

गेल्या वर्षी जूनमध्ये आईच्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण झालं. ती सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहते, मी पुण्यात. सकाळी आणि संध्याकाळी एक मावशी येतात, पण दुपारी दोन ते पाच ती एकटीच असते. कुरिअर, गॅस, औषधं, सगळं नेमकं त्याच वेळात येतं. पलंगावरून उठून वॉकर धरून दारापर्यंत यायला तिला पावणेदोन मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून मोजली आहेत. बेल वाजवणारा माणूस तेवढा वेळ थांबत नाही. दोनदा वाजवतो, कान देतो आणि जिना उतरतो.

ऑगस्टमध्ये गॅसवाला असाच परत गेला. त्याला गाठायला आई घाईनं उठली, वॉकरचा पाय सतरंजीच्या कडेला अडकला आणि कपाटाची मूठ हाताला लागली म्हणून ती पडली नाही. हे तिनं मला चार दिवसांनी सांगितलं, तेही दुसऱ्या विषयावर बोलता बोलता. त्या रात्री मला झोप लागली नाही. पलंगावरूनच दारातल्या माणसाला "थांबा" असं सांगता यायला हवं, एवढंच डोक्यात होतं. चोराचिलटांवर नजर ठेवायला मला कॅमेरा नको होता.

माझ्या पुण्याच्या घरी होम असिस्टंट तीन वर्षांपासून चालू आहे. पाउलस स्खाउटसन यांनी २०१३ साली सुरू केलेली ही मुक्त प्रणाली. घरातले दिवे, पंखे, सेन्सर वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी ती त्यांना एका जागी आणते, आणि सगळा कारभार घरातल्याच छोट्या संगणकावर चालतो. आईकडे मी रास्पबेरी पाय ४ हा असाच एक छोटा संगणक नेऊन ठेवायचं ठरवलं. व्हिडिओ डोअरबेल त्याला जोडायची, की काम झालं असं वाटलं होतं. दोन आठवडे धरले होते, अडीच महिने लागले.

पहिली चूक खरेदीत झाली. बॅटरीवर चालणारी, वायर न लागणारी बेल घेतली. भिंत फोडायची नाही, चिकटवली की झालं. घरी आणल्यावर कळलं की ती फक्त कंपनीच्या ॲपशी बोलते. बेल दाबली की निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिथून फिरून फोनवर. मी आणि भाचा दारात उभे राहून मोजत होतो, सात ते नऊ सेकंद लागायची. शिवाय बॅटरी वाचवायला तिचा कॅमेरा एरवी झोपलेला असतो, त्यामुळे सतत चित्र मिळायचा प्रश्नच नाही. ती परत केली. तुम्ही घेणार असाल तर खोक्यावर किंवा माहितीपत्रकात आरटीएसपी आणि ओएनव्हीआयएफ हे दोन शब्द आहेत का ते आधी बघा. आरटीएसपी म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र घरच्या नेटवर्कवर थेट उचलायची वाट. ओएनव्हीआयएफ म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी एकमेकांना समजेल असं बोलावं म्हणून ठरवलेली पद्धत. हे दोन्ही असेल आणि होम असिस्टंटच्या यादीत त्या कंपनीचं इंटिग्रेशन, म्हणजे जोडणीची तयार सोय, असेल, तर निम्मं काम झालं.

दुसरी बेल अशी बघून घेतली, वायरची. तिला १६ ते २४ व्होल्ट लागतात. यूट्यूबवरच्या व्हिडिओत सगळे जण जुन्या बेलचं बटण काढतात, त्याच दोन वायरी नव्या बेलला लावतात आणि हसत बाजूला होतात. ते अमेरिकेतलं चित्र आहे. तिकडे बेलच्या आधी ट्रान्सफॉर्मर असतो आणि बटणापर्यंत कमी व्होल्टेजच येतं. आपल्याकडे डिंगडाँग बेलच्या बटणात थेट २३० व्होल्ट असतात. आमच्या वायरमनदादांनी बटणाचं झाकण उघडलं, टेस्टर लावला, तो लखलखला. "ताई, ह्यात फेज हाय बघा. तुमचं मशिन लावलं असतं तर दाराबाहेरच जळालं असतं." मशिन तर जळालंच असतं, पण दाराबाहेर हात लावणाऱ्यालाही धोका होता. हे काम कुणीही स्वतः करू नये असं मी पोटतिडकीनं सांगते.

दादांनी जुन्या पाइपातली २३० ची जोडी पूर्ण ओढून काढली, बोर्डात तिची टोकं बंद केली आणि त्याच पाइपातून बारीक वायर टाकली. जुनी राहू द्या, तिच्याच शेजारून नवीन ओढू, असं मी म्हणत होते. ते ऐकेनात. एका पाइपात मोठा आणि छोटा करंट एकत्र नको, म्हणाले. बरोबरच होतं. चपलांच्या कपाटामागे प्लगला २४ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला. बेल जमिनीपासून साधारण चार फुटांवर बसवली, म्हणजे उंच माणसाचा चेहरा आणि खाली ठेवलेलं पार्सल दोन्ही दिसतं.

समोरच्या काकूंचं दार कॅमेऱ्यात अर्धं येत होतं. भोकं पाडण्याआधीच मी त्यांच्याकडे जाऊन फोनवर चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे कोण येतं जातं ते कशाला दिसायला हवं?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये त्यांच्या दारावर काळा चौकोन टाकता येतो, तो त्यांच्यासमोर बसून टाकला. आता त्यांचं दार रेकॉर्डिंगमध्येही येत नाही आणि थेट चित्रातही दिसत नाही.

मग वायफाय. राउटर आतल्या खोलीत, मध्ये आरसीसीचा खांब आणि लोखंडी सेफ्टी डोअर. बेलपर्यंत सिग्नल उणे ७८ डीबीएम पोचत होता (हा उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर), चित्राचे तुकडे पडत होते. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या वर आणला, तो उणे ६१ झाला. एवढ्यानं भागलं. राउटरमध्ये बेलचा आयपी पत्ता कायमचा बांधून टाकला, नाहीतर वीज गेली आली की पत्ता बदलतो आणि होम असिस्टंट जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतं.

इंटिग्रेशननं बेल लगेच ओळखली. बटण दाबल्याची खूण, हालचालीची खूण, सगळं आलं. चित्र मात्र मला आईच्या उशाशी ठेवलेल्या जुन्या टॅबलेटवर विनाविलंब हवं होतं, आवाजासकट. त्यासाठी गो-टू-आरटीसी नावाचा प्रोग्रॅम वापरला. २०२४ च्या नोव्हेंबरच्या आवृत्तीपासून तो होम असिस्टंटसोबतच येतो. कॅमेऱ्याचं आरटीएसपी घेऊन तो वेबआरटीसीत, म्हणजे ब्राउझरला थेट चित्र-आवाज पोचवायच्या पद्धतीत, देतो, त्यामुळे ब्राउझरमध्ये चित्र जवळजवळ त्याच क्षणी दिसतं. मी त्यात बेलचा पत्ता हातानं लिहिला आणि एक आख्खी संध्याकाळ काळ्या चौकोनाकडे बघत बसले. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तीच बेल उघडत होती, इथे नाही. वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, पोर्ट ५५४, सगळं तीनतीनदा तपासलं. रात्री साडेदहाला लक्षात आलं की पासवर्डमध्ये '@' आहे. पत्त्याच्या ओळीत पासवर्ड संपून यंत्राचा पत्ता सुरू होतो तो '@' पासूनच. माझ्या पासवर्डमधल्या '@' पाशीच पासवर्ड संपला असं समजून पुढचं सगळं पत्ता म्हणून वाचलं जात होतं. व्हीएलसी पासवर्ड वेगळ्या खिडकीत विचारत होतं, म्हणून तिथे अडचण आली नव्हती. '@' च्या जागी %४० लिहायचं असतं, अर्थात आकडे इंग्रजी. लिहिलं आणि आईच्या दाराबाहेरचं पायपुसणं स्क्रीनवर उमटलं.

तरी टॅबलेटवर चित्र नव्हतंच. बेल चित्राचे दोन प्रवाह देते, एक मोठा आणि एक लहान. मुख्य प्रवाह एच २६५ या चित्र आवळायच्या पद्धतीत होता आणि जुन्या टॅबलेटचा ब्राउझर तो उलगडू शकत नव्हता. लहान प्रवाह एच २६४ या जुन्या पद्धतीचा होता, तो दिला. दारात कोण आहे हे ओळखायला तेवढं स्पष्ट चित्र पुरतं. आवाज एएसी या प्रकारात होता, तो वेबआरटीसीत चालत नाही, म्हणून गो-टू-आरटीसीला तो ओपस या चालणाऱ्या प्रकारात बदलायला सांगितलं. एक ओळ लिहायची असते, बस्स.

आता मुख्य गोष्ट, "थांबा". टॅबलेटवरून बोलायचं म्हटलं तर माइक लागतो, आणि ब्राउझर सुरक्षित जोडणी असल्याशिवाय माइक देत नाही. तेही जमवता आलं असतं. पण आई म्हणाली, "मला चष्मा शोधायचा, ते उघडायचं, त्यात कुठलं तरी बटण दाबायचं, हे सगळं होईपर्यंत तो माणूस मिरजेला पोचेल." तिचं खरं होतं. या बेलमध्ये आधी रेकॉर्ड केलेला निरोप साठवता येतो, आणि होम असिस्टंटमधून तो वाजवताही येतो. मग एका रविवारी तिचाच आवाज रेकॉर्ड केला: "थांबा हं, मी येतेय. मला चालायला वेळ लागतो." पलंगाच्या कडेला झिगबीचं, म्हणजे घरातल्या छोट्या उपकरणांच्या बिनतारी जोडणीचं, एक छोटं गोल बटण चिकटवलं. बेल वाजली की ते दाबायचं. चष्मा नको, स्क्रीन नको, अंधारातही हाताला लागतं.

ते बटण सुरुवातीला चारातून एकदा चालायचं. झिगबीचा डोंगल, म्हणजे बटणाचा निरोप झेलणारी काडी, मी रास्पबेरी पायच्या निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टात थेट खोचला होता. यूएसबी ३ चा गोंगाट झिगबीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो. एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल लांब नेला, काळ्या यूएसबी २ च्या पोर्टात लावला. तेव्हापासून एकदाही चुकलं नाही.

आणि मग ती रात्र. बेल दाबली की टॅबलेट "आई, दारावर कोणीतरी आलंय" असं माझ्या आवाजात बोलेल आणि चित्र दाखवेल, असं ऑटोमेशन मी लिहिलं होतं. त्यात बेलच्या बटणाची स्थिती बदलली की चालू हो, एवढंच सांगितलं होतं. कशावरून कशावर बदलली ते लिहिलंच नव्हतं. रात्री अडीचला वीज गेली. राउटर आणि रास्पबेरी पाय यूपीएसवर, टॅबलेटला स्वतःची बॅटरी, पण बेल मेन लाइनवर. बेल 'अनुपलब्ध' झाली. तीही स्थिती बदललीच, म्हणून टॅबलेट बोलला. दहा मिनिटांनी वीज आली, बेल परत जागी झाली, टॅबलेट पुन्हा बोलला. दोन्ही वेळा आई अंधारात उठून वॉकर धरून दारापर्यंत गेली. जे टाळायला हा सगळा खटाटोप केला, तेच माझ्या एका अपुऱ्या ओळीमुळे घडलं. सकाळी तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसला न जाता थेट सांगलीची गाडी पकडली.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती: 'बंद' वरून 'चालू' झालं तरच. तुम्ही ऑटोमेशन लिहाल तेव्हा 'पासून' आणि 'पर्यंत' हे दोन्ही रकाने भराच. शेवटी वीस सेकंदांची थांबही घातली, कारण लोक बेल एकदा दाबून थांबत नाहीत, चारदा दाबतात, आणि दर वेळी टॅबलेट बोलला तर आईची तारांबळ उडते. थांब चालू असताना पुन्हा दाबलेलं मोजलं जात नाही. बेलचा ॲडॉप्टरही आता यूपीएसवर आहे.

आईची एक अट मी पहिल्या दिवसापासून पाळली. नेट बंद असो की तो छोटा संगणक बिघडलेला असो, बेल वाजलीच पाहिजे. बेलसोबत प्लगमध्ये लावायचा जो चाइम, म्हणजे घरात वाजणारा डबा, आला तो बेलशी थेट बोलतो, त्याला रास्पबेरी पाय लागत नाही. तो स्वयंपाकघरात आहे. माझा आवाजही टॅबलेटला रास्पबेरी पायवरच्याच फाइलमधून मिळतो, बाहेरच्या कुठल्या सेवेवर तो अवलंबून नाही.

पुण्याहून बघायची सोय शेवटी केली. राउटरमध्ये पोर्ट उघडून द्या असा सल्ला बरेच जण देतात. कॅमेऱ्याचं पोर्ट असं जगासाठी उघडं टाकणं मला मुळीच पटत नाही, आणि आईच्या जोडणीला स्वतंत्र पब्लिक आयपीही नव्हता. टेलस्केल वापरलं. त्यानं माझा फोन आणि तिकडचा रास्पबेरी पाय एकाच खासगी जाळ्यात येतात, बाहेरच्याला काही दिसत नाही. बेल वाजली की माझ्या फोनवर चित्रासह सूचना येते. त्या सूचनेला प्राधान्य 'हाय' आणि टीटीएल, म्हणजे सूचना वाटेत थांबून राहायची मुदत, शून्य दिलं, नाहीतर अँड्रॉइड फोन खिशात झोपलेला असला की सूचना पाच-पाच मिनिटं उशिरा यायची. चित्र मी होम असिस्टंटच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये न ठेवता थेट कॅमेऱ्याकडून मागवते. त्या फोल्डरमधलं चित्र दुवा माहीत असलेल्या कुणालाही लॉगिनशिवाय उघडता येतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, मी मीटिंगमध्ये असताना फोन थरथरला. गॅसवाला. खांद्यावर सिलिंडर, चेहरा घामानं डबडबलेला. त्यानं दुसऱ्यांदा बटणाकडे हात नेला तेवढ्यात बेलमधून आईचा आवाज आला. त्यानं हात मागे घेतला, सिलिंडर खाली ठेवलं, खिशातून फोन काढला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी मीटिंग सोडून पॅसेजमध्ये आले आणि बघत राहिले. एक मिनिट चाळीस सेकंदांनी कडी वाजली.

संध्याकाळी आईचा फोन आला. तो बिचारा ओझं घेऊन दोन मजले चढून येतो आणि उभाच राहतो, हे तिला बरं वाटलं नव्हतं. मावशींकडून तिनं जुनं लाकडी स्टूल दाराबाहेर ठेवून घेतलं होतं. मी पुढच्या खेपेला आले की नवीन रेकॉर्डिंग करायचं आहे, आणि त्यात "स्टुलावर बसा" हे आधी घ्यायचं आहे.